रोदाँच्या कागदावरच्या कंबोडियन नर्तकी

जुलै १९०६. कंबोडियाचा राजा सिसोवाथ फ्रान्समध्ये आला होता, सोबत दरबारी नर्तकींचा ताफा. मार्सेल्सला वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं, आणि कंबोडिया १८६३पासून फ्रान्सच्या ‘संरक्षणा’खाली. १० जुलैला पॅरिसमध्ये शिल्पकार ऑग्युस्त रोदाँनं त्यांचं नृत्य पाहिलं आणि पासष्टीतला हा गृहस्थ चक्क त्यांच्या मागोमाग मार्सेल्सला गेला. जहाज सुटायला मोजके दिवस उरले होते. तेवढ्यात त्यानं सुमारे दीडशे चित्रं काढली.

चित्रं देखणी आहेत, यात वाद नाही. पेन्सिलीची भरभर रेघ, वर जलरंगाचा पातळ हात. मागे वळलेली बोटं, मोडलेलं कोपर, काष्ट्यासारखं नेसलेलं साम्पोत हे कंबोडियन वस्त्र. चेहरे मात्र बहुतेक ठिकाणी दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेले, आणि नाव सरसकट एकच: ‘कंबोडियन नर्तकी’. लहानपणापासून बोटं वाकवून कमावलेल्या, अर्थ ठरलेल्या मुद्रा इथे नुसती लय होऊन उरतात. रोदाँला त्यांच्यात प्राचीन ग्रीक शिल्पं दिसली. दाद मनापासूनची होती, पण पोचली अथेन्सला.

ही वाट जुनीच. पॅरिसच्या रंगमंचावर ‘बायादेर’, म्हणजे फ्रेंचांच्या भाषेत भारतीय नर्तकी, १८३० मध्येच बॅले नर्तकी मारी तालियोनीच्या रूपानं अवतरली होती. १८३८ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी करारावर तिथे नाचायला गेल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या डोक्यात ती गोरी बायादेर आधीच बसलेली होती. झाँ-ओग्युस्त बारनं त्यांच्यातल्या अम्मनीची छोटी ब्राँझ मूर्ती घडवली. निदान तिचं नाव तरी टिकलं.

रोदाँला खलनायक ठरवून भागत नाही. त्याचा लोभ कलावंताचा होता. पण त्याच्यासमोर उभ्या होत्या त्या दरबाराच्या चाकरीतल्या मुली. त्यांचा होकार-नकार राजाच्या हाती, आणि राजाचा बराचसा फ्रेंचांच्या.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूज या कंबोडियन कम्युनिस्टांच्या राजवटीत दरबारी नृत्याचे बहुसंख्य कलावंत मृत्युमुखी पडले. वाचलेल्या चिया सामी यांच्यासारख्या गुरूंनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं. २००६च्या अखेरीस रोदाँची चित्रं नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली गेली. त्यातलं बोट कुठल्या मुद्रेतलं, हे ओळखायला चिया सामींच्या शिष्यांचेच डोळे लागतात.