मोबाइलची अतितापन व ऊर्जाबचत सूचना

मोबाइल संच जास्त तापू लागल्यास, किंवा बॅटरी जपण्याची गरज असल्यास, तो ज्या टॉवरशी जोडलेला असतो त्याला आपला भार हलका करण्याची औपचारिक विनंती पाठवतो. या विनंतीलाच ‘अतितापन व ऊर्जाबचत सूचना’ म्हणतात. ५जीच्या मानकात ही विनंती ‘यूई असिस्टन्स इन्फर्मेशन’ या संदेशातून जाते. ‘यूई’ म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातील उपकरण. हे मानक ‘थ्रीजीपीपी’ ही १९९८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय सहकार्यसंस्था ठरवते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. अशा दुपारी सात रस्त्यावर दुचाकीच्या हँडलला लावलेल्या, नकाशा चालू असलेल्या मोबाइलवर ऊन, पडद्याचा उजेड, प्रोसेसर आणि चार्जिंग यांची उष्णता एकाच वेळी येते. टॉवरच्या हाती असलेला भाग मात्र मोडेम (रेडिओ लहरींतून देवाणघेवाण करणारी चिप) आणि प्रक्षेपण वर्धक (बाहेर पाठवायची लहर बळकट करणारा भाग) यांच्यापुरता मर्यादित आहे. सामान्य संचाची कमाल प्रक्षेपण शक्ती २०० मिलिवॉट असते, परंतु तेवढी शक्ती बाहेर टाकण्यासाठी वर्धक बॅटरीतून त्याहून बरीच अधिक ऊर्जा घेतो व उरलेली उष्णता होऊन संचातच राहते. पत्र्याच्या शेडमधील यंत्रमाग कारखान्यात हे अधिक जाणवते, कारण धातूचा पत्रा रेडिओ लहरी अडवतो, रेंज कमी होते आणि टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी संचाला प्रक्षेपण वाढवावे लागते. सावलीत, खिशात ठेवलेला फोनही तिथे गरम लागतो, त्याचे एक कारण हे आहे.

अशी सूचना देण्याची सोय नव्हती तेव्हा तापलेला संच आपल्यापुरता उपाय करी: वेग घटवी, पडदा मंद करी, चार्जिंग थांबवी किंवा जोडणी तोडून कमी क्षमतेचा संच म्हणून पुन्हा नोंदणी करी. यात चालू काम तुटे आणि टॉवरला कारण कळत नसे. थ्रीजीपीपीच्या आवृत्त्यांचे क्रमांक ३जी, ४जी, ५जी असे सलग चालतात; ४जीच्या मानकात ही उणीव १४व्या आवृत्तीपासून भरून निघू लागली व ५जीच्या पहिल्या, म्हणजे १५व्या आवृत्तीतच अतितापनाच्या सूचनेला जागा मिळाली.

या संदेशात तापमानाचा आकडा नसतो, ही बाब नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. किती अंशांना ‘तापलो’ म्हणायचे हे संच बनवणारा ठरवतो. संदेशात फक्त मागणी असते: एकाच वेळी वापरायच्या वाहक लहरींची संख्या, एकूण बँडविड्थ (वापरायच्या लहरींच्या पट्ट्याची रुंदी) आणि अँटेनांमधून समांतर चालणाऱ्या प्रवाहांची (मायमो थरांची) संख्या कुठपर्यंत उतरवावी. टॉवरकडून येणारी आणि टॉवरकडे जाणारी वाहतूक यांसाठी या मर्यादा वेगवेगळ्या सांगता येतात. उदाहरणार्थ, तीन वाहकांवर व चार थरांवर चित्रफीत उतरवून घेणारा संच ‘एक वाहक, दोन थर’ एवढेच मागू शकतो. टॉवरने ते मानले तर तो जोडणीची नवी रचना पाठवून जादा वाहक काढून घेतो. वेग घटतो, पण जोडणी टिकते. माझ्या मते या तरतुदीचे खरे मोल यातच आहे.

संच आपण होऊन ही सूचना पाठवू लागत नाही. अशी सूचना देता येते हे त्याने आधी कळवलेले असावे लागते आणि टॉवरने तशी परवानगी दिलेली असावी लागते. त्यानंतरही लागोपाठ संदेश येऊ नयेत म्हणून प्रतिबंधक घड्याळ असते. त्याची मुदत शून्यापासून ६०० सेकंदांपर्यंत ठेवता येते व ते चालू असेपर्यंत नवी सूचना पाठवता येत नाही. विनंती मान्य करण्याचे बंधन टॉवरवर नाही. संच निवला की तो अतितापनाचा रकाना रिकामा ठेवून तोच संदेश पुन्हा पाठवतो आणि त्यातून मर्यादांची गरज संपल्याचे टॉवरला समजते.

ऊर्जाबचतीच्या सूचनेचा इतिहास याहून जुना आहे. ३जीच्या काळात काही संच बॅटरी वाचवण्यासाठी परस्पर जोडणी सोडून देत आणि पुन्हा जोडणी मागत. त्याने नेटवर्कवर संदेशांचा मोठा ताण येई. म्हणून ८व्या आवृत्तीत त्या वागण्याला रीतसर रूप देण्यात आले. ४जीच्या ११व्या आवृत्तीत संचाला ‘नेहमीप्रमाणे’ किंवा ‘कमी ऊर्जा’ एवढी दोनच उत्तरे देता येत. ५जीच्या १६व्या आवृत्तीने मात्र ही भाषा बरीच समृद्ध केली. किती वेळ झोपून किती वेळाने टॉवरचे ऐकायला जागे व्हायचे, बँडविड्थ, वाहक व थर किती असावेत, आदेश आणि प्रत्यक्ष देवाणघेवाण यांत किमान किती अंतर असावे, हे सारे त्यात वेगवेगळे सांगता येते. प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्र प्रतिबंधक घड्याळ आहे.

याच आवृत्तीत आलेली, जोडणी सोडण्याची मागणी रोजच्या व्यवहारातून चटकन समजते. दुकानात शेंगाचटणीचे पाकीट घेऊन यूपीआयने पैसे दिले, फोन खिशात गेला आणि आता पाठवण्यासारखे काही उरले नाही, हे आधी संचाला कळते. टॉवर मात्र आणखी काही येईल या अपेक्षेने जोडणी काही काळ उघडी ठेवतो. या मागणीने संच ती लवकर सोडवून घेऊ शकतो.

१७व्या आवृत्तीत याच संदेशात आणखी एक भर पडली. एका जागी बसवलेल्या मीटरसारख्या उपकरणांना शेजारच्या टॉवरांच्या सिग्नलची मोजमापे वारंवार घेण्याचे कारण नसते, आणि मोजमापे शिथिल करण्याच्या अटी आपण पूर्ण करत असल्याचे ती उपकरणे आता टॉवरला कळवू शकतात.