आजीची उंची आणि दोन गोळ्या

"गोळीले उंची कायले पायजे वं बाई?" हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आलेल्या आशाताईला आजीने विचारलं. ताई हसली, "आजी, भिंतीला पाठ टेकवा आधी. जेवण झालं ना?"

बिहारमधल्या अरवलनंतर तीन औषधांची ही मोहीम जानेवारी २०१९ मध्ये आपल्या नागपूर जिल्ह्यात सुरू झाली. डीईसी आणि अल्बेंडाझोल आधीपासून होतेच. तिसरं औषध आयव्हरमेक्टिन. ते मुळात जनावरांचं. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोल्फच्या मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून हे औषध तयार झालं. १९८१ मध्ये ते गुराढोरांच्या जंतांसाठी बाजारात आलं. माणसांमध्ये ते आधी आफ्रिकेतल्या नदीअंधत्वावर, म्हणजे कृमींमुळे दृष्टी घालवणाऱ्या रोगावर, वापरलं गेलं. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं.

पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत तिन्ही औषधं एकदाच दिल्यावर वर्षभराने ९६ टक्के रुग्णांच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, सापडली नाहीत. जुन्या दोन औषधांच्या एका डोसानंतर हेच प्रमाण ३२ टक्के होतं. नाल्याकाठच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हीच पिल्लं एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. रक्तात ती रात्रीच वर येतात, म्हणून तपासणीचं पथकही रात्री दार वाजवतं.

कृमींच्या मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर क्लोराइडची बारीक दारं असतात, ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन आलं की उघडणारी. आयव्हरमेक्टिन त्या दारात बसतं आणि दार मिटूच देत नाही. कृमी लुळा पडतो. आपल्या शरीरात ही दारं नाहीत. मेंदूत त्यांची दूरची भावंडं आहेत, पण रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवरची प्रथिनं हे औषध परत बाहेर लोटतात.

मला या औषधाचं खरं कौतुक वाटतं ते इथे. हीच दारं खरजेच्या किड्यातही आहेत आणि डासातही. फिजीच्या बेटांवर सगळ्यांना गोळी दिली, तेव्हा खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून वर्षभरात २ टक्क्यांच्या खाली आलं. केनियात दर महिन्याला एक असे तीन डोस दिले. गोळी घेतलेल्या माणसाला चावलेले डास मरू लागले आणि मुलांमधला मलेरियाचा संसर्ग २६ टक्क्यांनी घटला.

कोरोनाच्या विषाणूला मात्र असं दारच नाही. २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू घटला खरा, पण तिथे औषध जेवढं तीव्र वापरलं होतं, तेवढं ते माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसाने पोचतच नाही. ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीत घरोघरी या गोळीची स्ट्रिप होती. ऑक्सिजनची पातळी घसरत असताना "गोळी सुरू आहे ना" म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ते अजून सलतं.

उंचीचं उत्तर साधं आहे. डोस वजनावर ठरतो, पण दारोदार वजनकाटा कोण नेणार? उंचीवरून वजनाचा पुरेसा अंदाज येतो. नव्वद सेंटीमीटरच्या आतल्या लेकराला आयव्हरमेक्टिन नाही, गरोदर बाईलाही नाही.

आजी एकशे अडतीस भरली. आयव्हरमेक्टिनच्या दोन, डीईसीच्या तीन, आणि अल्बेंडाझोलची एक चावून. सहाही गोळ्या पोटात जाईपर्यंत ताई दारातून हलली नाही.