नवी क्लच प्लेट टाकली, तरी गियर पडत नाही

क्लच प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, रिलीज बेअरिंगही नवं. तरी गाडी चालू केली की पहिला गियर पडत नाही आणि रिव्हर्स टाकताना दात करकरतात. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गियर सहज पडतात. म्हणजे गिअरबॉक्सचा दोष बहुधा नाही, क्लच सुटत नाहीये; पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. अशा वेळी गॅरेजमध्ये लगेच गिअरबॉक्स परत उतरवायची तयारी सुरू होते. माझा आग्रह असा, की आधी पट्टी घेऊन मोजा.

कारण क्लचचा सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांवर रेटतं आणि प्रेशर प्लेट मागे सरकते. पेडल दहा-पंधरा सेंटिमीटर खाली जातं, पण प्रेशर प्लेट हलते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. त्यातही प्लेटच्या दोन अस्तरांमध्ये लहरदार पोलादी पत्र्या असतात. दाब सुटला की त्या उसळून प्लेट जाड होते आणि मिळालेल्या जागेतला काही भाग खाऊन टाकते. उरलेली फट दोन्ही बाजूंत वाटली जाते, म्हणजे एका बाजूला अर्धा मिलिमीटर मिळाला तरी पुष्कळ.

आता हायड्रॉलिक क्लचमधल्या, म्हणजे पेडलचा जोर नळीतल्या ब्रेक ऑइलने पोचवणाऱ्या क्लचमधल्या, हवेचा हिशोब पाहा. समजा स्लेव्ह सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने दांडा ढकलून रिलीज बेअरिंग हलवणाऱ्या गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचा) व्यास १९ मिमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर. दांडा १४ मिमी ढकलायला साधारण ४ घन सेंटिमीटर तेल लागतं. नळीत १ घन सेंटिमीटर हवा राहिली, तर तेल दबत नाही, हवा दबते. तेवढं तेल बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतं आणि दांडा साडेतीन मिलिमीटर कमी सरकतो. पाव चाल गेली! अर्ध्या मिलिमीटरच्या फटीला हे परवडत नाही.

म्हणून एकाने पेडल पूर्ण दाबावं आणि दुसऱ्याने खाली स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजावं. त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चाल कमी भरली, तर दोष बाहेर आहे. पेडल भराभर चार-पाचदा मारल्यावर गियर पडू लागला, तर हवेचा संशय जवळजवळ पक्का. स्लेव्हवरचं निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) वरच्या बाजूला ठेवून एअर काढा, टाकीतलं ब्रेक ऑइल तळाशी जाऊ देऊ नका. मारुती ८०० सारख्या केबलच्या गाडीत हवेचा प्रश्नच नाही. तिथे केबलचा ढिलेपणा बघायचा. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती (ज्यावर क्लच प्लेट बसते त्या दांड्याभोवती) असेल, तर मात्र ही मोजणी करता येत नाही. तिथेही आधी एअर काढून पाहावी.

चाल पुरेपूर आहे आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. सर्वांत आधी प्लेट उलटी बसलीय का ते पाहा. तिच्या मधल्या स्प्रिंगांचा फुगवटा बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे हवा. उलटी बसली की तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि बोल्टांच्या डोक्यांवर ताजे चकचकीत ओरखडे दिसतात. तसं नसेल तर प्लेट वाकली असेल. बसवताना गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवरून प्लेटच्या हबवर लटकत राहिलं, तर कोरी प्लेटही वाकते. मग फट मिळूनही तिची कड कुठेतरी टेकतेच. नवी प्लेट शाफ्टच्या खाचांवर हाताने सरकवून पाहा; गंजामुळे किंवा उठलेल्या कडेमुळे ती अडकत असेल, तर फ्लायव्हीलपासून सुटणार कशी?

एक कारण बरेचदा नजरेतून सुटतं. अनेक गाड्यांत शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मध्यातल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये फिरतं. ते जाम झालं, तर प्लेट पूर्ण मोकळी असूनही इंजिन शाफ्टला ओढत राहतं. गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तर त्यात बोट घालून फिरवून पाहा. खरखर लागली तर त्याच बैठकीत बदलून टाका.