जुन्या नावावर नवी इमेज ठेवू नका: इमेज-सूची वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ईव्ह-एनजी किंवा जीएनएस३ (संगणकावर आभासी नेटवर्क उभारण्याची सॉफ्टवेअर) वर लॅब उभारणाऱ्याला डिस्क इमेज, म्हणजे आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क साठवणारी फाइल, काय असते हे ठाऊक असतेच, त्यामुळे आमच्या इमेज-सूचीतील, म्हणजे साठ्यातील इमेजची नोंद ठेवणाऱ्या साधनातील, बहुतेक रकाने समजावून सांगण्याची गरज पडत नाही. तरीही मदतीसाठी येणाऱ्या निरोपांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा असते: काल चालणारी लॅब आज सुरू होत नाही, सूचीत मात्र इमेज व्यवस्थित दिसते आहे. त्यामागचे कारणही बहुधा एकच निघते, म्हणून हे पत्रक.

लॅबमधील नोड (राऊटरसारखे एखादे आभासी यंत्र) प्रथम सुरू होते तेव्हा मूळ इमेजची पूर्ण प्रत काढली जात नाही. तिच्यावर आधारलेली, केवळ बदल साठवणारी एक छोटी ओव्हरले फाइल (क्यूकाऊ२ या डिस्क-स्वरूपातील) तयार होते. नोडने जे लिहिले तेवढेच तुकडे (एरवी प्रत्येकी ६४ केबीचे) तिच्यात साठतात आणि उरलेले सर्व मूळ इमेजमधून वाचले जाते. ओव्हरलेमध्ये मूळ इमेजचा पत्ता नोंदलेला असतो, परंतु त्या पत्त्यावरील फाइलीत काय होते याची कोणतीही खूण नसते. त्यामुळे 'व्हायओएस-१.३' (व्हायओएस ही राऊटरची ऑपरेटिंग सिस्टीम) या फोल्डरातील फाइल काढून तिच्याच नावाने १.४ आवृत्तीची फाइल ठेवली, तरी क्यूईएमयू (नोड प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर) काही न बोलता ती उघडते. मग फाइलसिस्टीमच्या काही नोंदी ओव्हरलेतून जुन्या येतात, मजकूर नव्या इमेजमधून येतो, आणि राऊटर बूट होताना मध्येच अडकतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सुरळीत सुरू होऊन नंतर बिघडतो. एका इमेजवर वीस विद्यार्थ्यांच्या लॅब उभ्या असतील तर वीसही धोक्यात येतात. एखाद्या नोडमधील बदल 'कमिट' करून मूळ इमेजमध्ये मिसळणे हीसुद्धा इतर नोडांच्या दृष्टीने हीच चूक आहे.

नवी आवृत्ती आली की तिच्यासाठी वेगळे फोल्डर करावे. ईव्ह-एनजीमध्ये नावाचा 'व्हायओएस-' हा पूर्वभाग तसाच ठेवावा, कारण टेम्पलेट (नोडच्या प्रकाराचा साचा) त्यावरूनच ओळखले जाते, आणि शेवटी परवानग्या दुरुस्त करणारी नेहमीची आज्ञा चालवावी. जुन्या इमेजवरील शेवटचे नोड वाइप होईपर्यंत, म्हणजे त्याची ओव्हरले पुसली जाईपर्यंत, तिला हात लावू नये. फाइल केवळ दुसरीकडे हलवली गेली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. अशा वेळी बॅकिंग फाइल (म्हणजे मूळ इमेज) उघडता येत नसल्याचा स्पष्ट संदेश येतो आणि ती पूर्वीच्या जागी ठेवली की काम भागते.

चूक होऊन गेली असेल तर नोड पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नयेत, कारण प्रत्येक वेळी ओव्हरलेत नवी भर पडते आणि परतीची वाट बुजत जाते. मधल्या काळात काही लिहिले गेले नसेल आणि मूळ फाइल बाइट न बाइट तीच मिळाली, तर लॅब जशीच्या तशी परत येते. ती तीच आहे का, हे सूचीतील एसएचए-२५६ च्या (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाच्या) रकान्यावरून ठरवता येते. पहिली सूची तयार व्हायला फार वेळ लागतो असे अनेक ग्राहक म्हणतात आणि ते खरे आहे. हा रकाना भरण्यासाठी प्रत्येक फाइल संपूर्ण वाचावी लागते. पुढच्या वेळी केवळ आकार किंवा बदलाची वेळ वेगळी दिसलेल्या फाइली वाचल्या जातात, आणि मजकूर खरोखर वेगळा असेल तर 'बदललेली' असा शेरा उमटतो. तो शेरा पाहून ग्राहकांनी वेळीच हात आवरला, तर पहिल्या दिवसाची ती प्रतीक्षा आम्हाला महाग वाटत नाही.

सूचीतूनच इमेज पुसण्याची सोय द्यावी, ही मागणी आम्ही जाणूनबुजून मान्य केलेली नाही. 'अवलंबून नोड' या रकान्यात शून्य दिसले म्हणजे इमेज निरुपयोगी झाली असे नाही. जोडणी काढून ठेवलेल्या डिस्कवरील किंवा दुसऱ्या सर्व्हरवर नेलेल्या लॅब आमच्या साधनाला दिसत नाहीत.

आकाराचे दोन रकाने जुळत नाहीत, हीही नेहमीची शंका आहे. पहिला आकार नोडला दिसणाऱ्या डिस्कचा असतो, दुसरा फाइलीने प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेचा. दोन्ही बरोबरच असतात. इमेज मात्र आम्ही पुरवत नाही. त्या उत्पादकाकडून, त्याच्या परवान्याच्या अटींनुसारच घ्याव्यात.

अडचण आल्यास काहीही दुरुस्त करण्यापूर्वी सूची मजकूर-फाइल म्हणून निर्यात करून आमच्याकडे पाठवावी. पडद्याच्या छायाचित्रात एसएचए-२५६ ची ६४ अक्षरे सहसा कापली जातात. वार्षिक सेवा घेतलेल्या ग्राहकांच्या इमेज-साठ्याची तपासणी आम्ही नवे सत्र सुरू होण्यापूर्वी स्वतः करून देतो, आणि कोणत्या इमेज आता सुरक्षितपणे काढता येतील याची यादीही त्यासोबत देतो.