कमी हिट, तरीही विजय : जपानी सरावसामन्यांमागची पार्श्वभूमी

जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या हंगामपूर्व सामन्यात जेमतेम एक-दोन हिटच्या (बॅटरला बेसवर पोहोचवणाऱ्या फटक्यांच्या) बळावर एखादा संघ जिंकला, की आधी पिचरांचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचे, कौतुक होते आणि मग चेंडूविषयी कुजबुज सुरू होते. कौतुकाचे कारण त्या ऋतूतच असते. कुजबुजीचे मूळ मात्र 2011 ते 2013 या तीन हंगामांत आहे.

संघांची शिबिरे 1 फेब्रुवारीला प्रामुख्याने ओकिनावा आणि मियाझाकी येथे सुरू होतात. त्यानंतरच्या सरावसामन्यांत बॅटरांची लय अजून बसलेली नसते आणि पिचर दर काही इनिंगनंतर बदलत असल्यामुळे एकाच पिचरला पुन्हापुन्हा पारखण्याची संधी त्यांना मिळत नाही. धावेला हिट लागतेच असेही नाही : वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकट बेस), मग बंट (बॅटने हलकेच ढकललेला चेंडू), मग जमिनीवरून जाणारा संथ ग्राउंडर आणि शेवटी क्षेत्ररक्षकाची एखादी चुकीची फेक एवढ्यावर धावफलक हलतो. बंटला आजही मान देणाऱ्या जपानी खेळात हे विशेष सहज घडते.

व्यावसायिक लीग 1936 मध्ये सुरू झाली आणि 1950 मध्ये तिच्या दोन लीग झाल्या. पण आजच्या संशयाशी त्या काळाचा संबंध थोडाच आहे. 2010 पर्यंत यजमान संघ मान्यताप्राप्त उत्पादकांपैकी आपल्या पसंतीचा चेंडू वापरत. 2011 मध्ये, आंतरराष्ट्रीय चेंडूशी जुळवून घेण्याच्या उद्देशाने, गाभ्याभोवती कमी उसळीचे रबर असलेला एकच चेंडू सर्वांना लागू झाला. होमरन (मैदानाच्या कुंपणापलीकडे मारलेले फटके) 1605 वरून 939 वर घसरले आणि 2012 मध्ये 881 वर आले. 2013 मध्ये ते एकदम 1311 झाले. हंगामाच्या सुरुवातीपासून खेळाडू चेंडू जास्त उडतो असे सांगत होते आणि काहीही बदललेले नाही असे उत्तर त्यांना व्यवस्थापनाकडून मिळत होते. जूनमध्ये मात्र चेंडू गुपचूप बदलल्याची कबुली द्यावी लागली. उत्पादकालाही गप्प राहण्यास सांगण्यात आले होते. आपल्याला कल्पनाच नव्हती असे म्हणणाऱ्या व्यवस्थापनाच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याने पुढे पद सोडले. 2011 चा चेंडू चाचणीत ठरलेल्या किमान उसळीखाली जात असल्याने दुरुस्ती समर्थनीयच होती. लपवाछपवी मात्र मुळीच समर्थनीय नव्हती, कारण पिचर आणि बॅटर यांचे मानधन याच आकड्यांवर ठरते. त्याच वर्षी 1964 पासूनचा 55 होमरनचा विक्रम मोडून एका बॅटरने 60 मारले, आणि त्या पराक्रमालाही विनाकारण शंकेची किनार लागली.

प्रकरण तेथे मिटले नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये चेंडू उलट उसळीच्या कमाल मर्यादेपलीकडे आढळले. आत गुंडाळलेला लोकरी धागा नेहमीपेक्षा कोरडा होता, असे कारण देण्यात आले.

अलीकडचा हिटचा दुष्काळ केवळ चेंडूच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पिचरांचा वेग वाढला आहे आणि प्रत्येक फेकीचे मोजमाप हाती असल्याने बॅटरचे दुबळे कोपरे लगेच उघडे पडतात. 2024 मध्ये दोन्ही लीग मिळून पुरेशा वेळा खेळून पात्र ठरलेल्या बॅटरांपैकी अवघ्या तिघांची सरासरी .300 वर, म्हणजे दहापैकी तीन प्रयत्नांत हिट यापलीकडे, गेली. एका लीगने 1975 मध्येच बॅटिंगला पिचरऐवजी स्वतंत्र बॅटर उतरवण्याची पद्धत स्वीकारली. दुसरी ती 2027 पासून लागू करणार आहे. त्यामुळे मुख्य हंगामात हिट थोड्या वाढतीलही, पण बहुतेक सरावसामन्यांत ही सोय आधीपासूनच वापरली जाते, तेव्हा वसंतातल्या आकड्यांत तिचा परिणाम शोधण्यात अर्थ नाही.