फुटाला एक सूत

कोल्हापुरात कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. या विद्येचं इथलं मूळ शोधायचं तर मात्र शिवाजी उद्यमनगरात, लाकडाचा भुसा सांडलेल्या पॅटर्न शॉपमध्ये शिरावं लागतं.

ऑइल इंजिनं आणि फौंड्रीवर वाढलेलं हे गाव. कास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतण्याच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना, पॅटर्न, बनायचा आणि पॅटर्नमेकरच्या हातातली पट्टी साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब असायची. लोखंड थिजून गार होताना आखडतं. म्हणून बिडाला फुटाला एक सूत, पोलादाला साधारण दोन सूत जादा धरायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवाय पॅटर्न वाळूतून मोकळा निघावा म्हणून उभ्या बाजूंना उतार, मशीनिंग होणार तिथे वाढीव माल, पोकळीच्या जागी बसणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायला कोअर बॉक्स. यातलं बरंचसं ड्रॉइंगवर नसायचं, मेस्त्रीच्या डोक्यात असायचं.

तिकडे अमेरिकेतल्या एमआयटीत 1963 मध्ये इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ दाखवलं. पडद्यावर लाइट पेननं रेघ ओढायची, दोन रेघा समांतर ठेव म्हटलं की कॉम्प्युटर त्या तशाच राखायचा. पण असली यंत्रं परवडायची ती मोठ्या विमान आणि मोटार कंपन्यांना. डिसेंबर 1982 मध्ये ऑटोकॅड साध्या पीसीवर आलं आणि लहान कारखान्यांचीही सोय झाली. तरी सुरुवातीचं ऑटोकॅड म्हणजे बहुतेकांसाठी नवा ड्रॉइंग बोर्डच. मिनी ड्राफ्टर गेला, ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडणं थांबलं, एवढंच.

खरा पालट पुढचा. 1988 च्या प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये एक माप बदललं की अख्खा भाग त्यानुसार बदलू लागला. 1995 मध्ये सॉलिडवर्क्सनं तेच विंडोजवर आणलं. फौंड्रीवाल्याला याचा अर्थ लगेच कळतो: धातू ओतण्याआधीच वजन कळतं, कोअर बसतो की नाही ते दिसतं, पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, कापता येतो.

शिक्षणाची वाट आयटीआयच्या दोन वर्षांच्या ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेडमधून जाते, नाहीतर डिप्लोमा-डिग्रीतून. इथलं केआयटी इंजिनिअरिंग कॉलेज 1983 पासून आहे. पहिल्या वर्षी हातानं काढायला लावतात त्या फर्स्ट अँगलच्या (वस्तूची समोरची, वरची, बाजूची दृश्यं मांडायची एक पद्धत) शीट पोरांना शिक्षा वाटतात. माझ्या मते तेच सगळ्यात उपयोगी वर्ष. कमांड काय, क्लासमध्ये चार-सहा महिन्यांत हातात बसतात.

अडतं ते त्यानंतर. फुटाला एक सूत म्हणजे साधारण एक टक्का, म्हणून स्केलच्या खान्यात 1.01 टाकलं की मॉडेल सगळीकडून सारखं फुगतं. प्रत्यक्षातलं कास्टिंग तसं आखडत नाही. मध्ये कोअर असला की तो आखडणं अडवतो, मोकळी बाजू जास्त आत येते. तिथे फुटाला पूर्ण सूत धरायचं की पाऊण, ते आधीची कास्टिंगं मोजलेल्या माणसालाच विचारावं लागतं.