वेठबिगार ते श्रमदान: सोलापुरातल्या स्वयंसेवेची पार्श्वभूमी

सोलापुरात स्वयंसेवेचा विषय निघाला की गाडी सिद्धेश्वर तलावावर येतेच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना हाताशी धरून हा तलाव खोदला, असं परंपरा सांगते. पावसाची खात्री नसलेल्या मुलखात पाण्याची सोय लावणं हीच भक्ती. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज शहरभरच्या ६८ लिंगांच्या भेटीला निघतात. ती उंच, जड काठी तोल सांभाळत पेलायची तर पोरांना कित्येक दिवस आधीपासून सराव करावा लागतो. अंगात पांढरी बाराबंदी, खांद्यात कळा. पण काठी पेलणाऱ्याची मान वर्षभर ताठ असते.

म्हणून बिनपगारी काम म्हणजे सेवाच, असं मात्र नाही. याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली संत चोखामेळा गेले. साल १३३८ सांगतात. ते काम वेठीचं होतं. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या बिगार उकळली गेली, त्यांच्या वस्तीत जाऊन ‘श्रमदानाला या’ म्हणणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

शहराच्या आठवणीत सगळ्यात ठळक आहे तो १९३० चा मे महिना. गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि पुढचे काही दिवस सरकारी अंमल शहरातून जवळपास उठलाच. तेव्हा चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली ती काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी. काल गिरणीत साच्यावर (मागावर) उभा असणारा माणूस आज रस्त्यावर टांगा थांबवतोय आणि टांगेवाला ऐकतोय! त्या माणसाला यातून काय मिळालं असेल, ते कुठल्याही मानधनात बसणारं नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

त्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते आपणहून सामील झाले. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. त्यांना आपण फक्त हुतात्मा म्हणून मिरवतो. पण रुग्णालयाची सगळी जबाबदारी तिशीतल्या तरुणाच्या हाती इथे कोणी दिली असती, हाही प्रश्न आहेच.

किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ ची, गणेश विसर्जनानंतरची पहाट. जखमींचा ओघ सोलापूरच्या दवाखान्यांकडे लागला. मंडळं, तालमी यांचं जाळं अशा वेळी उपयोगी पडतं. एरवी ज्यांच्या ढोल-ताशाने कान किटतात, तीच पोरं.

अलीकडची गोष्ट बार्शी तालुक्यातल्या सुर्डीची. गावांनी श्रमदानातून पाणी अडवण्याची स्पर्धा म्हणजे वॉटर कप; २०१९ च्या या स्पर्धेत हे गाव राज्यात पहिलं आलं. ऐन उन्हाळ्याचे ४५ दिवस टिकाव, फावडं, घमेलं घेऊन माळावर चर खणायचे. बक्षीस ७५ लाखांचं होतं, हे खरं. पण एका ओळीत उभं राहून घमेली पुढे सरकवताना शेजारच्या बांधावरचं भांडण किती दिवस धरून ठेवणार?

कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, असा हिशेब. आषाढीला पंढरपुरात झाडू घेऊन उतरणारी मुलं बरीचशी यातलीच. काही नुसती प्रमाणपत्रासाठी येतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ज्येष्ठांवरचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो: दुसऱ्यांसाठी म्हणून सेवा करणारे जास्त जगताना दिसले, स्वतःच्या फायद्यासाठी करणाऱ्यांत आणि काहीच न करणाऱ्यांत मात्र फारसा फरक नव्हता. तरी प्रमाणपत्रासाठी आलेल्या पोराला हाकलून देऊ नये. पंढरपूरच्या वाळवंटात पहाटे कचरा उचलताना एखादी म्हातारी त्याला ‘माऊली’ म्हणून पाया पडते, आणि पुढच्या वर्षी तास भरलेले असूनही तो पुन्हा नाव नोंदवतो.